हॉल, माणसे आणि साउंड

भाड्याने घेतलेल्या हॉलमध्ये समारंभ करायचा असला की जेवण, सजावट आणि छायाचित्रण यांचा विचार महिनाभर आधी होतो. साउंड मात्र मांडववाल्यावर किंवा कार्यालयाच्या व्यवस्थापकावर सोपवलेला असतो. मग कार्यक्रमाच्या दिवशी पुढच्या रांगेतल्या लोकांना कानावर हात ठेवावे लागतात आणि मागे बसलेल्यांना सत्कारमूर्ती काय बोलले ते कळत नाही. अशा वेळी साउंड कमी पडला, असे म्हटले जाते आणि पुढच्या वेळी अधिक मोठा मागवला जातो. प्रत्यक्षात तो कमी पडलेला नसतो. बहुतेक वेळा तो त्या हॉलला जुळणारा नसतो. मोठे बॉक्स आणल्याने शब्द स्पष्ट होत नाहीत. अनेकदा ते आणखी अस्पष्ट होतात. म्हणून आधी हॉल पाहायचा, मग कार्यक्रमाचे स्वरूप आणि पाहुण्यांची संख्या ठरवायची आणि त्यानंतरच साउंडची निवड करायची, हाच क्रम योग्य आहे.

बंद खोलीत कानापर्यंत येणारा आवाज दोन प्रकारचा असतो. एक स्पीकरमधून सरळ येतो. दुसरा भिंती, छत आणि फरशी यांवर आपटून, थोडा उशिरा आणि सर्व बाजूंनी येतो. या दुसऱ्या आवाजाला निनाद म्हणतात. शब्द कळतो तो सरळ आलेल्या आवाजामुळे. निनाद वाढला की एका अक्षराची शेपटी पुढच्या अक्षरावर पसरते. या विषयाचा शास्त्रीय पाया अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात वॉलेस क्लेमेंट साबिन या तरुण प्राध्यापकाने घातला. तिथल्या फॉग संग्रहालयाच्या नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचे बोलणे कळत नसे, म्हणून १८९५ मध्ये ते काम त्याच्याकडे आले. रिकाम्या खोलीत शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राहत होता. साबिनने रात्री-अपरात्री शेजारच्या सँडर्स नाट्यगृहातील खुर्च्यांच्या गाद्या आणून मांडल्या आणि प्रत्येक गादीगणिक निनाद किती कमी होतो ते मोजले. त्यातून जे सूत्र निघाले, ते आजही वापरात आहे. खोलीचे घनफळ जितके जास्त तितका निनाद लांबतो. खोलीत आवाज शोषणारे पृष्ठभाग जितके जास्त तितका तो आखूड होतो.

आपल्याकडची मंगल कार्यालये या दृष्टीने कठीण जागा आहेत. खाली मार्बल किंवा गुळगुळीत फरशी, बाजूला गिलाव्याच्या समोरासमोर भिंती, एका बाजूला काचेच्या मोठ्या खिडक्या आणि वर पीओपीचे छत असते. धुवायला सोपे पडावे म्हणून निवडलेले हे सगळे पृष्ठभाग आवाज जवळजवळ शोषतच नाहीत. २० मीटर लांब, १२ मीटर रुंद आणि ४ मीटर उंच असा मध्यम हॉल घेतला तर त्याचे घनफळ ९६० घनमीटर भरते. पृष्ठभागांचे सरासरी शोषण पाच टक्के धरले, तर साबिनच्या सूत्रानुसार रिकाम्या हॉलमध्ये आवाज विरायला सुमारे चार सेकंद लागतात. त्याच हॉलमध्ये २०० माणसे आली की कपडे आणि शरीरे आवाज शोषतात आणि हा काळ सव्वा सेकंदाच्या आसपास येतो. बोलणे नीट कळण्यासाठी तो एक सेकंदाच्या जवळ असावा लागतो. म्हणजे भरलेला हॉल चालण्याजोगा होतो. पण २०० जणांच्या हॉलमध्ये ६० जणांचे बारसे केले, तर घुमणे भरलेल्या हॉलच्या जवळपास दुप्पट राहते. हॉल पाहुण्यांच्या संख्येला बेताचा असावा, हा साउंडच्या दृष्टीनेही शहाणा निर्णय आहे.

हॉल ठरवायला गेल्यावर मध्यभागी उभे राहून एक जोरदार टाळी वाजवावी. टाळीचा आवाज लगेच विरला तर जागा चांगली. तो लांबत गेला किंवा दोन भिंतींमध्ये तडतडत राहिला, तर जाड पडदे, जाजम आणि मागच्या भिंतीवर कापडी सजावट मागावी. मागची भिंत विशेष महत्त्वाची, कारण मंचाकडून येणारा आवाज तिच्यावर आपटून पुन्हा मंचावरच्या माईकमध्ये शिरतो. फुलांच्या सजावटीवरचा थोडा खर्च कमी करून तो कापडी पडद्यांवर केला, तर भाषणे ऐकू येण्यात मोठा फरक पडतो. खुर्च्यांना कापडी आवरणे असतील तर तेवढाच आणखी फायदा.

आता कार्यक्रमाचे स्वरूप. साठीशांत, सत्कार, डोहाळजेवण, सेवानिवृत्तीचा निरोप अशा प्रसंगी सर्वांत महत्त्वाचा असतो बोललेला शब्द. गाणी असली तरी पार्श्वभूमीला. इथे चांगले माईक आणि सगळीकडे सारखे पोचणारे छोटे स्पीकर हवेत. बेस लागत नाही. भावगीतांची किंवा नाट्यगीतांची बैठक असेल तर गायक, तबला, डग्गा, पेटी आणि तानपुरा असे पाच माईक सहज होतात, म्हणून मिक्सरला निदान आठ चॅनेल असावेत. कराओकेला दोन चांगले माईक आणि गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून मंचाकडे तोंड करून ठेवलेला एक मॉनिटर पुरतो. लग्नाआधीचे संगीत, वाढदिवसाची किंवा नववर्षाची पार्टी यांत नाच असतो आणि नाचायला बेस लागतो. एकाच संध्याकाळी आधी भाषणे, मग जेवण, मग नाच असेल तर तिन्हींसाठी एकच पातळी चालत नाही. साउंडवाल्याला हा क्रम वेळेसह लिहून दिला तर तो योग्य सामान आणतो. नुसते 'पार्टी आहे' असे सांगितले तर तो नाचापुरताच विचार करतो.

साउंडची जाहिरात वॅटमध्ये होते आणि सर्वांत जास्त गैरसमजही तिथेच आहेत. वॅट म्हणजे ॲम्प्लिफायरने स्पीकरला दिलेली वीज. ऐकू येणारा आवाज डेसिबलमध्ये मोजतात. वीज दुप्पट केली की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे कानाला जेमतेम जाणवेल इतकाच. कानाला आवाज दुप्पट वाटावा यासाठी सुमारे १० डेसिबल वाढ लागते आणि तेवढ्यासाठी वीज दहापट लागते. त्यामुळे ५०० वॅटऐवजी १००० वॅटचा सेट मागवल्याने काही दुप्पट होत नाही. शिवाय लिहिलेले वॅट कोणते, हाही प्रश्न आहे. सतत देता येणारी शक्ती आरएमएस या नावाखाली लिहिलेली असते. क्षणभरासाठीची कमाल शक्ती तिच्या दुप्पट-चौपट असू शकते, आणि पीएमपीओ हा आकडा तर कशालाच धरून नसतो. तुलना करायची ती आरएमएसची.

त्याहून उपयोगी आकडा म्हणजे स्पीकरची संवेदनक्षमता. एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल मिळतात, ते हा आकडा सांगतो. बारा इंची वूफरच्या चांगल्या व्यावसायिक बॉक्सची संवेदनक्षमता ९७ डेसिबलच्या आसपास असते. त्याला १०० वॅट दिले तर एक मीटरवर ११७ डेसिबल मिळतात. अंतर दुप्पट झाले की सरळ येणारा आवाज ६ डेसिबलने घटतो, म्हणून आठ मीटरवर ९९ डेसिबल उरतात. नाचासाठीही हे पुष्कळ आहे आणि भाषणासाठी तर गरजेपेक्षा कितीतरी जास्त. साधे बोलणे एक मीटरवरून ६० डेसिबलच्या आसपास असते. दीड-दोनशे माणसांच्या गप्पांनी हॉल ७५ ते ८० डेसिबलपर्यंत जातो. भाषण त्या गप्पांपेक्षा दहा-पंधरा डेसिबलने वर असले की कळते. म्हणजे दोनशे माणसांच्या हॉलला खऱ्या अडीचशे-तीनशे वॅटचे दोन चांगले बॉक्स शक्तीच्या बाबतीत कमी पडत नाहीत. कमी पडते ते पोचणे.

पोचण्याचा हा प्रश्न नीट समजून घेण्यासारखा आहे. स्पीकरपासून दूर जावे तसा सरळ आवाज घटत जातो, पण निनाद हॉलभर साधारण सारखाच राहतो. एका ठरावीक अंतरावर दोन्ही समान होतात. त्यापलीकडे निनादच जास्त ऐकू येतो. वर घेतलेल्या मध्यम हॉलमध्ये, २०० माणसे असताना, साधारण बॉक्ससाठी हे अंतर साडेतीन मीटरच्या आसपास येते. रिकाम्या हॉलमध्ये ते दोन मीटरही नसते. मंचाजवळ दोन मोठे बॉक्स ठेवून आवाज वाढवला तर सरळ आवाज आणि निनाद दोन्ही सारखेच वाढतात, म्हणून पंधरा मीटरवर बसलेल्या माणसाला जास्त मोठा पण तितकाच अस्पष्ट आवाज मिळतो. उपाय एकच: स्पीकर ऐकणाऱ्याच्या जवळ न्यायचा. दोन मोठ्यांऐवजी चार मध्यम बॉक्स घ्यावेत, दोन मंचाशी आणि दोन हॉलच्या मध्यावर, सगळे हलक्या आवाजात. मिरवणुकीसाठी आणली जाते ती 'डॉल्बी'ची भिंत बंद हॉलमध्ये कधीही आणू नये. ती मोकळ्या रस्त्यासाठी रचलेली असते. चार भिंतींत ती शब्द आणि सूर दोन्ही गिळते.

मध्यावरच्या बॉक्सची एक अडचण असते. आवाज सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. मंचाकडचा आवाज बारा मीटर चालून यायला ३५ मिलिसेकंद घेतो, तर मध्यावरच्या बॉक्सला तारेतून विद्युत संदेश क्षणार्धात मिळतो. त्यामुळे मागच्या श्रोत्याला जवळच्या बॉक्सचा आवाज आधी आणि मंचाचा नंतर ऐकू येतो. अंतर वाढले की शब्द दोनदा म्हटल्यासारखा वाटतो. डिजिटल मिक्सरमध्ये मागच्या बॉक्सला तेवढा विलंब देता येतो. साउंडवाल्याला 'मागच्या बॉक्सला डिले देता येईल का' एवढे विचारले की त्याच्याकडचे सामान आणि त्याची जाण, दोन्ही कळतात.

भाड्याने मिळणारे स्पीकर ढोबळमानाने चार जातींचे असतात. पहिला कर्णा, म्हणजे भोंगा. तो मैदानासाठी उत्तम. मधले स्वर दूरवर फेकतो, पण बंद हॉलमध्ये कर्कश वाटतो. दुसरे छतातले किंवा भिंतीवरचे लहान स्पीकर. अनेक कार्यालयांत ते कायमचे बसवलेले असतात आणि ऑफिसातल्या ॲम्प्लिफायरला १०० व्होल्टच्या लाइनने जोडलेले असतात. ते माणसांच्या जवळ आणि संख्येने जास्त असल्याने सूचना, मंगलाष्टके आणि जेवणाच्या वेळची सनई यांसाठी फार चांगले चालतात. बेस मात्र त्यांत नसतो, म्हणून नाचासाठी निरुपयोगी. कार्यालयाची अशी व्यवस्था चालू स्थितीत असेल तर भाषणांपुरती तीच वापरावी आणि नाचासाठी वेगळा सेट आणावा. तिसरी जात स्तंभासारख्या उंच, अरुंद स्पीकरची. त्यांचा आवाज आडवा पसरतो आणि वर-खाली कमी जातो; छतावर कमी आपटत असल्याने घुमणाऱ्या हॉलमध्ये भाषणाला हीच सर्वांत योग्य निवड. चौथी जात नेहमीच्या दहा, बारा किंवा पंधरा इंची बॉक्सची. त्याला साउंडवाले 'टॉप' म्हणतात, आणि खालच्या अठरा इंची सबवूफरला 'बेस'.

हल्लीच्या बहुतेक बॉक्समध्ये ॲम्प्लिफायर आतच असतो. त्यांना ॲक्टिव्ह म्हणतात. ज्यांना बाहेरचा ॲम्प्लिफायर लागतो ते पॅसिव्ह. घरगुती समारंभाला ॲक्टिव्ह बॉक्स सोयीचे पडतात. ॲम्प्लिफायर आणि स्पीकर कारखान्यातच एकमेकांना जुळवलेले असतात, मर्यादेबाहेर आवाज गेला तर आतली यंत्रणा तो आपोआप रोखते आणि जोडणीच्या चुका कमी होतात. प्रत्येक बॉक्सजवळ विजेचा बोर्ड मात्र लागतो. पाहुणे शंभर आणि भाषणे, हलके संगीत एवढेच असेल तर दहा किंवा बारा इंची दोन ॲक्टिव्ह बॉक्स पुरतात. दोनशे-अडीचशे पाहुणे आणि नाच असेल तर बारा किंवा पंधरा इंची दोन टॉप, अठरा इंची एक किंवा दोन बेस आणि मागे आणखी दोन लहान बॉक्स घ्यावेत. याहून मोठा सेट मध्यम हॉलमध्ये मागवण्याचे कारण क्वचितच असते.

बॉक्स जमिनीवर ठेवला की पहिल्या दोन रांगा सगळा वरचा आवाज अडवतात. तो स्टँडवर चढवून त्याचा वरचा भोंगा माणसांच्या डोक्यावरून, म्हणजे जमिनीपासून सुमारे दोन मीटरवर आणावा आणि किंचित खाली, माणसांकडे वळवावा. बॉक्सचा आडवा पसारा साधारण ९० अंश असतो, म्हणजे सहा मीटरवर तो सुमारे बारा मीटर रुंदी व्यापतो. त्याचे तोंड काचेच्या खिडकीकडे किंवा रिकाम्या भिंतीकडे नसावे. स्टँडचे पाय पूर्ण पसरलेले हवेत आणि लहान मुले धावतात त्या वाटेवर तो उभा नसावा. हे सांगावे लागते, कारण वीस-पंचवीस किलोचा बॉक्स डोक्याच्या उंचीवर असतो.

बेसचे वागणे वेगळे. ५० हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी जवळजवळ सात मीटर असते. एवढ्या लांब लहरी हॉलच्या भिंतींमध्ये अडकून उभ्या राहतात. कुठे बेस छातीवर आदळतो, तर चार पावले पलीकडे नाहीसा होतो. दोन बेस हॉलच्या दोन टोकांना ठेवले तर दोघांच्या लहरी एकमेकींना काही ठिकाणी मारतात. दोन्ही एकाच जागी, शेजारी ठेवले की परिणाम अधिक सारखा मिळतो. कोपऱ्यात ठेवल्यास बेस वाढतो पण घुमतोही. जागा एक-दोन मीटर सरकवून ऐकून पाहणे हाच खरा मार्ग आहे.

भाषणाचा दर्जा स्पीकरपेक्षा माईकवर जास्त ठरतो. हातात धरायचा साधा डायनॅमिक माईक सर्वांत भरवशाचा. १९६६ पासून बनत असलेला श्योर कंपनीचा एसएम ५८ जगभर याच कामासाठी वापरला जातो. तो समोरचा आवाज घेतो आणि मागचा टाळतो. मात्र जाळीभोवती हात आवळून धरला की हा गुण जातो आणि माईक शिट्टी मारू लागतो. शिट्टीचे कारण सोपे आहे. स्पीकरमधला आवाज माईकमध्ये शिरतो, पुन्हा वाढून स्पीकरमधून येतो, आणि हे चक्र थांबत नाही. ती टाळण्याचे उपायही सोपे आहेत. स्पीकर माईकच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून असावेत. माईक तोंडापासून चार बोटांवर असावा, कारण तोंड आणि माईक यांतले अंतर निम्मे झाले की आवाज ६ डेसिबलने वाढतो आणि तेवढा मिक्सरवर वाढवावा लागत नाही. वापरात नसलेले माईक बंद ठेवावेत. चालू माईकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टीपासूनचे अंतर ३ डेसिबलने घटते. मंगलाष्टकांच्या वेळी गुरुजी, दोन आत्या आणि एक मामा असे चार माईक एकदम उघडे असतात. तिथे दोनच माईक ठेवून ते आळीपाळीने हाती देणे चांगले.

कॉलर माईक दिसायला नीटनेटका, पण तो तोंडापासून दूर असल्याने शिट्टीला लवकर बळी पडतो. त्याच्यावर पैंजण, बांगड्या, दागिने यांचे आवाजही येतात. सूत्रसंचालक व सत्कारमूर्ती यांच्यासाठी हातातलाच बरा. कॉर्डलेस माईक घेताना यूएचएफ पद्धतीचा घ्यावा, बॅटऱ्या त्याच दिवशी नव्या घालाव्यात आणि रिसीव्हर मंचावरून दिसेल अशा उंचीवर ठेवावा, कारण गर्दी रेडिओलहरी अडवते. एकाच कार्यालयात वर आणि खाली दोन समारंभ असतील तर दोघांच्या कॉर्डलेसची फ्रीक्वेन्सी एकच निघू शकते, आणि खालच्या हॉलचे स्वागत वरच्या हॉलमध्ये ऐकू येते. म्हणून तारेचा एक माईक स्टँडवर लावून तयार ठेवणे अत्यावश्यक आहे.

मिक्सरवर प्रत्येक माईकला 'लो कट' बटण असते. ते दाबले की शंभर हर्ट्झच्या खालचा गडगडाट निघून जातो आणि भाषण लगेच मोकळे होते. निम्न-मध्य स्वर, म्हणजे २५० ते ४०० हर्ट्झचा पट्टा, थोडा उतरवला की घुमणे कमी होते. स, श, त, च यांसारखी व्यंजने साधारण दोन हजार हर्ट्झच्या वर राहतात आणि शब्द ओळखू येतो तो त्यांच्यामुळे; तो पट्टा दाबू नये. गाण्यासाठी लावलेला 'इको' भाषण सुरू होताना बंद करायला हवा. आपल्याकडच्या समारंभांत शब्द न कळण्याचे हे फार मोठे कारण आहे आणि ते दूर करायला एक बटण पुरते. गाणी फोनवरून लावायची असतील तर तारेने जोडावीत; ब्लूटूथच वापरायचे असल्यास फोन एअरप्लेन मोडमध्ये टाकून ब्लूटूथ सुरू ठेवावे, नाहीतर येणारा फोन सगळ्या हॉलला ऐकू जातो. ऑपरेटर कार्यक्रमभर मिक्सरपाशी बसलेला असावा आणि मिक्सर श्रोत्यांमध्ये असावा, मंचामागे नव्हे. जे ऐकू येत नाही ते दुरुस्त करता येत नाही.

विजेची व्यवस्था आधी पाहावी. ५ अँपिअरच्या साध्या प्लगमधून २३० व्होल्टला सुमारे ११५० वॅट घेता येतात, तर १५ किंवा १६ अँपिअरच्या प्लगमधून साडेतीन किलोवॅटच्या आसपास. बेस असलेला सेट मोठ्या प्लगवरच लावावा, आणि त्याच लाइनवर केटरिंगची गरम पेटी, एसी किंवा डिमरचे दिवे नसावेत. स्पीकरमधून सतत 'हूं' असा आवाज येत असेल तर मिक्सर आणि बॉक्स वेगवेगळ्या अर्थिंगवर आहेत, असे बहुधा समजावे. सगळे एकाच लाइनवरून घेतले की तो जातो. तो घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणे ही जीवघेणी पद्धत आहे. धातूचा माईक हातात धरणाऱ्याला त्यातून धक्का बसू शकतो, म्हणून असे करू देऊ नये. जनरेटर चालू होताना मधे काही सेकंद जातात आणि डिजिटल मिक्सर पुन्हा सुरू व्हायला वेळ घेतो. मिक्सर आणि लॅपटॉपला छोटा यूपीएस असावा. सुरू करताना मिक्सर आधी आणि बॉक्स शेवटी, बंद करताना बॉक्स आधी. या क्रमाने स्पीकरला मोठा ठोका बसत नाही.

कायद्याची चौकट ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० यांनी ठरवली आहे. रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ध्वनिक्षेपक वापरता येत नाही. सभागृह, सामुदायिक हॉल, बँक्वेट हॉल अशा बंद जागांत आतल्या आत वापरायला अपवाद आहे. हा अपवाद हॉलच्या भिंतींपुरता आहे. कार्यालयाच्या लॉनवर, गच्चीवर किंवा उघड्या मंडपात तो लागू होत नाही, म्हणून लॉनवरचे संगीत दहाला थांबवावेच लागते. बंद हॉलमधूनही आवाज बाहेर किती जातो, त्याला मर्यादा आहे. निवासी भागासाठी मानक दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि खासगी जागेतल्या साउंडने त्या जागेच्या हद्दीवर हे मानक ५ डेसिबलपेक्षा जास्त ओलांडू नये, असा नियम आहे. रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्याभोवती शांतता क्षेत्र असते. तिथे मर्यादा आणखी कडक. उघड्या खिडकीतून आवाज फार कमी अडतो आणि बेस तर बंद काचेतूनही बाहेर जातो. शेजारच्या इमारतीत आजारी माणूस किंवा परीक्षेचा विद्यार्थी असू शकतो. रात्री खिडक्या लावून बेस उतरवणे हे नियमाइतकेच शेजारधर्माचेही काम आहे.

गाण्यांच्या हक्कांचाही प्रश्न येतो. ध्वनिमुद्रित गाणी सार्वजनिकरीत्या वाजवायला हक्कधारक संस्थांचा परवाना लागतो. पीपीएल आणि आयपीआरएस या त्यांपैकी प्रमुख. प्रताधिकार कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये धार्मिक समारंभांना सूट आहे, आणि लग्नाची वरात व लग्नाशी निगडित सामाजिक कार्यक्रम त्यात धरले आहेत. कंपनीचा स्नेहमेळावा किंवा तिकीट लावलेली नववर्षाची पार्टी या सवलतीत बसत नाही. हॉलने असा परवाना घेतलेला आहे का, हे ठरवतानाच विचारावे.

आवाज किती मोठा ठेवावा, याला आरोग्याचीही मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये समारंभस्थळांसाठी १५ मिनिटांच्या सरासरीने १०० डेसिबल ही कमाल मर्यादा सुचवली. ही नाचाच्या जागेची वरची हद्द आहे, लक्ष्य नव्हे. अमेरिकेतील निऑश या संस्थेच्या हिशेबाने ८५ डेसिबलमध्ये आठ तास राहणे सुरक्षित; दर ३ डेसिबल वाढीला हा काळ निम्मा होतो आणि १०० डेसिबलला पंधरा मिनिटांवर येतो. तान्ही बाळे आणि वृद्ध पाहुणे यांना बॉक्ससमोर बसवू नये. जेवणाच्या वेळी संगीत ६५ ते ७० डेसिबलवर असले की शेजारच्याशी सहज बोलता येते. ते वाढवले तर प्रत्येक जण आवाज चढवतो. फ्रेंच डॉक्टर एत्येन लोंबार यांनी १९११ मध्ये ही मानवी सवय नोंदवली होती. मग गप्पांमुळे संगीत ऐकू येत नाही म्हणून ऑपरेटर ते आणखी वाढवतो, आणि तासाभरात कोणालाच काही ऐकू येत नाही. फोनवरच्या डेसिबल ॲपचा आकडा अगदी अचूक नसतो, पण पातळी चढते आहे की नाही हे समजायला तो पुरतो.

साउंड ठरवताना साउंडवाल्याला हॉल दाखवावा, किंवा निदान लांबी, रुंदी, उंची आणि प्लगच्या जागा कळवाव्यात. बाहेरचा साउंड आणायला कार्यालयाची परवानगी आहे का, त्यासाठी वेगळा आकार आहे का, हे आधी पाहावे. काही ठिकाणी ठरलेल्याच साउंडवाल्याकडून घ्यावे लागते. कोटेशनमध्ये 'फुल सेट' एवढेच न लिहिता बॉक्सची कंपनी, मॉडेल आणि संख्या, तारेचे व कॉर्डलेस माईक किती, मिक्सरचे चॅनेल किती आणि ऑपरेटर शेवटपर्यंत थांबणार का, हे लिहून घ्यावे. जोडणी पाहुणे येण्याच्या दोन तास आधी पूर्ण व्हावी. चाचणी घेताना एकाने मंचावरून पाहुण्यांच्या यादीतली वीस नावे वाचावीत आणि दुसऱ्याने शेवटच्या रांगेत बसून ती लिहावीत; दोन-तीनपेक्षा जास्त नावे चुकली तर बॉक्सच्या जागा बदलाव्यात, आवाज वाढवू नये. चाचणी रिकाम्या हॉलमध्ये होते, म्हणून तेव्हा थोडे घुमणे चालेल. माणसे भरली की ते कमी होते आणि आवाजही किंचित खाली येतो, तेवढा ऑपरेटरने पहिल्या दहा मिनिटांत सावरून घ्यायचा असतो. कार्यक्रम लांबला तर जादा तासाचा दर काय, आणि सामान त्याच रात्री उचलायचे की सकाळी, हेही कोटेशनमध्येच असावे, कारण हॉल रिकामा करण्याची वेळ त्यावर अवलंबून असते.